पारा पाचवर, फोटो दोनशे चाळीस

माझा कॅमेरा जुना आहे, खिशात मावेल एवढा. दिराच्या लग्नासाठी घेतला होता. लग्न झालं, दिराची मुलं शाळेत गेली आणि कॅमेरा कपाटात साड्यांच्या खाली पडून राहिला. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत तो हाती लागला. मेनूत खूप आत शिरल्यावर शटर पंधरा सेकंद उघडं ठेवायची सोय सापडली. सातपूरच्या आमच्या गच्चीवरून तो मृगाकडे रोखला. त्या तुकड्यात डोळ्यांना सात-आठ तारे दिसत होते, फोटोत त्रेचाळीस निघाले. हो, मोजले. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर मायक्रोमीटर घेऊन मोजणं हाच माझा धंदा.

तेव्हापासून डोक्यात किडा शिरला. कॅमेरा ध्रुवाकडे रोखायचा, तासभर एकामागून एक फोटो काढायचे आणि ते सगळे एकावर एक जोडायचे. पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्यांच्या रेघा होतात, ध्रुवाभोवती गोल गोल. महागड्या कॅमेऱ्यांनी काढलेले तसले फोटो खूप पाहिले होते. माझ्या डबड्याने निघतो का, एवढंच मला बघायचं होतं. पण सातपूरला ते शक्य नाही. कारखान्यांच्या दिव्यांनी आमचं आकाश रात्रभर नारिंगी असतं.

"माझ्या माहेरी चल," मंगल म्हणाली. मंगल माझ्याच टेबलावर समोर बसते, बारा वर्षं आम्ही डबा एकत्र खातो. "पिंपळगावच्या पुढे, पालखेडच्या बाजूला दादाची द्राक्षबाग आहे. रात्री काळाकुट्ट अंधार असतो. थंडी मात्र मरणाची, आधीच सांगते."

जानेवारी, अमावास्या दोन दिवसांवर, शनिवार-रविवार मोकळा. नवरा म्हणाला, "तारे बघायला पिंपळगावला? इथले काय परके आहेत?" त्याला फ्रीजमधल्या भाजीचा पत्ता सांगितला आणि निघाले.

शुक्रवार

पहिली पाळी साडेतीनला सुटली. माझी स्कूटर, मागे मंगल, पुढे पायाशी पिशवी. पिशवीत कॅमेरा, तीन बॅटऱ्या, मेन रोडवर साडेचारशेला घेतलेला बुटका ट्रायपॉड, लोकरी मोजा, रबरबँड आणि एक सुपारी. सुपारीचं काम पुढे सांगते.

रस्ता सरळ आहे. द्वारका चौकातून आग्रा हायवे धरायचा, आडगाव, ओझर आणि मग पिंपळगाव बसवंत. सातपूरहून तास-सव्वा तास लागतो. दुचाकीला टोल नाही, दोनशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं. ओझरच्या पुढे मात्र जपून चालवा. हंगामात क्रेट भरलेले टेम्पो असे सुटतात की आपण रस्त्यात आहोत हे त्यांना आपणच सांगावं लागतं. पिंपळगावात मिसळ खाल्ली. मंगलने तीन वेळा रस्सा मागून घेतला, चौथ्यांदा मागायला मला पाठवलं.

मंगलचे दादा भाऊसाहेब आणि त्यांची बायको शोभावहिनी मळ्यातच राहतात. दोघंही पन्नाशीची. भाऊसाहेब उंच, मोजकं बोलणारे. वहिनी बुटक्या आणि जराही न थांबणाऱ्या. माझा कॅमेरा त्यांनी तळहातावर घेऊन उलटासुलटा पाहिला.

"एका फोटोला पंधरा सेकंद? मग आमचा काढायचा म्हणलं तर आम्ही हालायचं नाय का?"

"हाललात तर दिसणारच नाही."

"मग बरं हाय. तसंबी मी कोणच्या फोटोत नसतेच. फोटो निघायच्या टायमाला मी चहाच्या नादात असते."

पहिली रात्र पूर्णपणे वाया गेली. ती का गेली हे लिहिते, म्हणजे तुमची जाणार नाही. एक, कॅमेऱ्याला अंधारात फोकस सापडत नाही, तो आपला घरघर करत बसतो. दूरचा एखादा दिवा बघून फोकस धरायचा आणि तिथेच कुलूप लावायचं. हे मला रात्री बारा वाजता कळलं. तोवरचे सगळे तारे साबुदाण्याएवढे आले होते. दोन, थंडीत बॅटरी अर्ध्या वेळात संपते. बाकीच्या बॅटऱ्या स्वेटरच्या आत ठेवा. तीन, भिंगावर दव बसतं. मी पुसत राहिले आणि ते बसत राहिलं. दीड वाजता हात टेकले आणि मंगलच्या शेजारी गोधडीत शिरले.

शनिवार

सकाळी भाऊसाहेबांनी बाग दाखवली. घराकडून नाल्याकडे उतरती जमीन, ओळींमागून ओळी, वर मांडवासारखी पानं आणि खाली प्रत्येक घडाला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद. एक कागद सोडून त्यांनी आतला घड दाखवला. मणी एकसारखे, जणू कोणी गेज लावून निवडलेले. मला कामाच्या ठिकाणी असा लॉट मिळाला तर मी आनंदाने सही करीन.

"माल बाहेर जायचाय," ते म्हणाले. "एक्स्पोर्टवाले बघून गेले. दहा दिवसांनी काढणी."

"मग आता काय, झालंच की."

"आता तर खरं हाय. हे दहा दिवस."

मग वहिनींनी मला समजावलं. थंडी उतरली की गार हवा उताराने वाहत नाल्याकडच्या कोपऱ्यात साचते. पारा फार खाली गेला की मण्यांना तडे जातात. तडा गेलेला माल बाहेर जात नाही, मग तो इथल्या बाजारात, नाहीतर बेदाण्याला. म्हणून ओळींमध्ये शेकोट्यांचे ढीग आधीच रचून ठेवतात. खाली छाटणीच्या वाळक्या काड्या, वर ओलं गवत. पहाटे पेटवले की धूर बागेवर पसरतो आणि ऊब धरून ठेवतो. ढीग रचणं आणि दवापासून ताडपत्रीखाली झाकणं हे भाऊसाहेबांचं काम. पेटवायला घरातली सगळी माणसं.

"एप्रिलच्या छाटणीपासून आम्ही दोघं कुठं एकत्र गेलो नाय," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्या लग्नालाबी आळीपाळीने गेलो. एक जेवून आला की दुसरा."

संध्याकाळी बातमी आली की रात्री थंडी आणखी वाढणार. वहिनींचे डोळे तारवटलेले होते. तीन रात्री त्या दर तासाला उठून पारा बघत होत्या. जेवताना त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही जाग्याच राहणार ना?"

"हो, पहाटेपर्यंत."

"मग आमचं एवढं काम करा. नाल्याकडच्या कोपऱ्यात तारेला थर्मामीटर टांगलाय. पारा पाचवर आला की हाक मारा. पाचला पेटवलं की वाचतं, आजवर वाचलंय. आज दोघं जरा पाठ टेकतो."

"मोजायचं काम ना? ते माझ्यावर सोडा," मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता. पाहुणी म्हणून आयतं खाण्यापेक्षा आपल्या हातचं काम मिळालं की बरं वाटतं.

कॅमेरा मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर लावला. ती बागेच्या वरच्या अंगाला आहे, तिथून उत्तरेला सगळी बाग उतरत जाताना दिसते. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो. हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवा, तिथे तो सापडतो. भाऊसाहेब झोपायला जाण्याआधी थोडा वेळ उभे राहिले. सप्तर्षी दाखवला तर म्हणाले, "त्याला आम्ही बाजलं म्हणतो. चार खूर म्हातारीच्या बाजेचे, आन् मागं ते तीन चोर, बाज पळवायला निघालेले."

"मग पळवली का?"

"कुठं. म्हातारी जागीच हाय अजून." ते हसले आणि गेले.

आता सुपारी. शटरचं बटण तासभर दाबून धरायचं असतं, म्हणजे कॅमेरा न थांबता फोटोमागून फोटो काढतो. बटणावर सुपारी ठेवायची आणि वरून रबरबँड घट्ट ओढायचा. भिंगाभोवती लोकरी मोजा, मोज्यात गरम पाण्याची चपटी बाटली, मग दव बसत नाही. पंधरा सेकंदांचे दोनशे चाळीस फोटो म्हणजे एक तास.

दोन वेळा चाचणी घेतली, फोकस जमला. अडीचला थर्मामीटर बघून आले, साडेसहा. वर येऊन रबरबँड ओढला आणि खाली पोत्यावर बसले.

तो तास मी विसरणार नाही. कान दुखावेत इतकी थंडी आणि आवाज फक्त कॅमेऱ्याचा, दर पंधरा सेकंदांनी एक बारीक टिक. धूळ नाही, ढग नाही. काळ्यावर एवढं पांढरं असतं हे मला पंचेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी अगदी खुळ्यासारखी एकटीच हसत होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी खाली गेले. फोटोत उजेड येऊ नये म्हणून मोबाइलचा टॉर्च अंगठ्याने अर्धा झाकला होता. ओळीतून चालत कोपऱ्यात पोचले, काचेवरचं दव पुसलं. पारा पाचवर होता.

बरोबर पाचवर. अजून वीस मिनिटं बाकी होती, ऐंशी फोटो. आता हाक मारली तर घरातले दिवे लागणार, बॅटऱ्या फिरणार, धूर उठणार आणि फोटो संपणार. उद्या परत जायचं होतं. आणि मग माझ्या डोक्याने जे केलं ते मी जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, पाच, कमी-जास्त अर्धा. टॉलरन्समध्ये आहे. थर्मामीटर साधा आहे, तो कुठे कॅलिब्रेट केलेला आहे. वीस मिनिटांत असं काय होणार आहे. कंपनीत एका मुलाने रीडिंग न घेता आकडा भरला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तीच मी, पाय न वाजवता वर आले आणि पोत्यावर बसले.

साडेतीनला शेवटची टिक झाली. रबरबँड काढला, कॅमेरा मोज्यात गुंडाळून खिशात टाकला आणि पळत खाली गेले. पारा तीनवर. मग हाका मारत घराकडे धावले.

पुढचा तास नुसती पळापळ. वहिनी पायात चप्पल न घालता निघाल्या. भाऊसाहेबांनी ताडपत्र्या ओढल्या, मंगल आणि मी काड्यापेट्या घेऊन ओळीत शिरलो. आधी नाल्याकडचा कोपरा. धूर डोळ्यांत, नाकात, घशात. भाऊसाहेब थर्मामीटरपाशी वाकून म्हणाले, "तीन दाखवतोय."

वहिनींनी मान वर केली. "ताई, पाच कधी झाला होता?"

"आत्ताच," मी म्हणाले.

"लय झपकन उतरला आज," एवढंच बोलून त्या पुढच्या ढिगाकडे गेल्या.

उजाडलं तेव्हा बागेवर निळसर धुराचा थर होता आणि कोपऱ्यातल्या गवतावर गोठलेल्या दवाची पांढरी साय धरली होती. मंगलने त्याचेही फोटो काढायला सांगितले. मी नाही काढले.

रविवार

निघताना वहिनींनी कांद्याची पात, वांगी आणि दोन किलो द्राक्षं दिली. "रातभर जागलात आमच्यासाठी," म्हणाल्या. मी पिशवी घेतली. परतीच्या वाटेवर मंगल मागे बसून बोलत होती आणि मी हूं हूं करत होते.

घरी

रात्री लेकीच्या लॅपटॉपवर फोटो जोडले. यासाठी फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. प्रत्येक जागी दोनशे चाळीस फोटोंतला सगळ्यात उजळ ठिपका ते ठेवतात, म्हणून रेघा तयार होतात. खरंच गोल आले होते. ध्रुवाभोवती बारीक कमानी, बाहेर मोठ्या होत गेलेल्या, काही निळसर, काही तांबूस. जुन्या डबड्याने काढलेला, मोज्यातला फोटो!

"आई, खाली ही काय रेघ आहे?" लेकीने विचारलं.

काळ्या बागेत एक पांढरी रेघ होती. फोटोच्या खालच्या कडेपासून निघून ती वाकडीतिकडी नाल्याकडच्या कोपऱ्यापर्यंत जात होती, तिथे एक ठळक ठिपका, आणि तशीच शेजारून परत वर येत होती. आधी वाटलं कॅमेऱ्याचा दोष. मग कळलं. अंगठ्याने झाकलेला माझा उजेड होता तो. एकेका फोटोत जेमतेम दिसेल न दिसेल एवढा, पण सगळे मिळून मी गेलेली आणि परत आलेली वाट स्वच्छ उमटली होती. प्रत्येक फोटोवर वेळ होती. ठिपक्याची वेळ, तीन वाजून बारा मिनिटं.

ते सोळा फोटो वगळून पुन्हा जोडून पाहिलं. रेघ गेली. प्रत्येक कमानीत केसाएवढी फट पडली, मुद्दाम शोधली तरच दिसावी अशी. दोन्ही फोटो ठेवून दिले आणि कोणालाच पाठवले नाहीत. मंगल रोज विचारायची, मी म्हणायचे, जोडतेय अजून.

गुरुवारी डबा उघडताना ती म्हणाली, "नाल्याकडच्या आठ ओळी गेल्या गं. मण्यांना तडे निघाले. तेवढा माल बाजूला काढावा लागणार."

मी डब्यातली पोळी मोडत राहिले.

"आणि घरी वेगळंच चाललंय. वहिनी दादाशी बोलत नाहीये. तिचं म्हणणं, ताईंनी पाचला बरोबर हाक मारली, तरी कोपरा गेला, म्हणजे काड्या ओल्या राहिल्या, यांनी नीट झाकल्या नाहीत. दादा म्हणतो झाकल्या होत्या. चार दिवस झाले, जेवायला वाढते आणि आत निघून जाते."

आठ ओळींचं मला वाईट वाटलंच, पण त्याबद्दल मनाची समजूत घालायला मी रस्ता शोधून ठेवला होता, की वीस मिनिटांनी काय फरक पडला असता कोण जाणे. या दुसऱ्या गोष्टीला रस्ताच नव्हता. तो माणूस खरं बोलत होता आणि ते खरं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. मी तिथेच मंगलला सगळं सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मला नको सांगू. तिला सांग."

संध्याकाळी आधी रेघ असलेला फोटो पाठवला, मग फोन केला. वहिनींनी फोटो पाहिला होता. "लय भारी आलाय ओ ताई! आन् ही खाली काय, विजेची तार का?"

"वहिनी, ती मी आहे," मी म्हणाले. आणि सांगितलं. तीन बाराला पाच होता, मी बघितला, फोटो पुरा व्हावा म्हणून वर जाऊन बसले आणि साडेतीनला हाक मारली. आत्ताच म्हणाले ते खोटं होतं. काड्यांचा काही दोष नव्हता.

पलीकडे कुठेतरी मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "फोन त्यांच्याकडं देते. त्यांनाच सांगा."

भाऊसाहेब फोनवर आले. "बोला ताई." मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझं संपल्यावर फोन तोंडापासून लांब धरून ते मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का? काड्या कोरड्याच होत्या!" त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यात राग नव्हता, सुटका होती आणि मला रडू फुटलं.

मग वहिनींनी फोन परत घेतला. "ताई, मला राग आलाय, खोटं कशाला बोलू. ओळींचा आलाय तसा मी यांना जे बोलले त्याचाबी आलाय. तुम्ही सांगितलं ते बरं केलं. पण आता काही दिवस फोन करू नका. मीच करीन."

"बरं वहिनी," मी म्हणाले.

कोणाला असा फोटो काढायचा असेल तर थंडीतली अमावास्या बघून जा, गरम कपडे दुप्पट न्या, फोकस दूरच्या दिव्यावर धरा. कॅमेरा कितीही साधा असला तरी चालतो, हे मी आता खात्रीने सांगते. या लेखाच्या वर लावलेला फोटो रेघ असलेलाच आहे. दुसरा मी पुसून टाकला.

त्या फोनला आज अकरा दिवस झाले. मंगल म्हणते काढणी चालू आहे, वहिनींना पाणी प्यायला फुरसत नाही, करेल ती. मी रात्री मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा करून उशाशी ठेवते. अजून फोन आलेला नाही.